उत्तर मुलाचे, प्रश्न आपला

(नागपूर येथे प्राथमिक शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मूल चुकीचे उत्तर देते, तेव्हा त्याला काय येत नाही हे आपण लगेच ठरवून टाकतो. आपण काय विचारले आणि ते त्याला कसे ऐकू आले, याचा विचार सहसा होत नाही. आज मी एवढ्याच मुद्द्यावर बोलणार आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा संख्येच्या अक्षय्यतेचा प्रयोग आपण डी.एड.ला शिकला असाल. सारख्या संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा समोरासमोर मांडायच्या, ‘दोन्हीकडे वस्तू सारख्याच आहेत का?’ असे विचारायचे, मुलाने ‘सारख्याच आहेत’ म्हटले की त्याच्या देखत एक रांग पसरवायची आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले आता लांब रांगेत जास्त वस्तू आहेत असे सांगतात. यावरून पियाजे यांनी निष्कर्ष काढला, की मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज या वयात आलेली नसते.

1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. रांग संशोधकाने नव्हे, तर एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने ‘चुकून’ विस्कटली. नेहमीच्या पद्धतीत 80 मुलांपैकी 13 जणांनी बरोबर उत्तर दिले होते. अस्वलाने खोडी केल्यावर 50 जणांनी दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आता वेगळे उत्तर अपेक्षित असावे, असा अर्थ मूल लावत असणार. वर्गात नुसते ‘नक्की?’ म्हटले तरी बरोबर उत्तर खोडून टाकणारी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. अर्थात, अस्वलाच्या गंमतीत मुलांचे रांगेकडे लक्षच राहत नाही, अशी शंका पुढे काही संशोधकांनी घेतली आणि ती मला रास्त वाटते. त्यामुळे पियाजे खोटे ठरले असे म्हणण्याची घाई नको.

मोठ्या मुलांच्या बाबतीत 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला ब्राझीलमधील रेसिफे शहरातला अभ्यास पाहावा. रस्त्यावर माल विकणाऱ्या, 9 ते 15 वर्षांच्या अवघ्या पाच मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारले, तेव्हा सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर आली. तशीच गणिते नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा जेमतेम 37 टक्के. एका नारळाला 35 क्रुझेरो (ब्राझीलचे तेव्हाचे चलन), तर दहांचे किती? असे विचारल्यावर एका मुलाने तिनांचे 105, आणखी तिनांचे मिळून 210, मग 315 आणि शेवटी 350 असे उत्तर काढले. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे ही शाळेची रीत त्याने वापरलीच नाही, आणि तरी त्याचे काही अडले नाही. आपल्या कॉटन मार्केटमध्ये सकाळी तासभर उभे राहिलात, तर असे जोडत जोडत केलेले हिशेब कानावर पडतील.

मात्र यावरून ‘बाजार हीच खरी शाळा’ असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरील, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दोन्हीकडची उणीव दाखवतो. बाजारातली मुले शाळेच्या पद्धतीने विचारलेल्या साध्या गणितांवर अडखळली, आणि शाळेत शिकणारी, कुठेही काम न करणारी मुले बाजारातल्या हिशेबावर अडखळली. एका ठिकाणचे कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. ती वाट शिक्षकाला मुद्दाम पाडून द्यावी लागते.

म्हणून नोंदवहीत ‘येत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहा. संत्र्यांच्या दोन रांगा मांडा, एक पसरवा आणि प्रश्न पसरवल्यानंतर एकदाच विचारा. काही दिवसांनी त्याच मुलाला पसरवण्याआधी आणि नंतर, असा दोनदा विचारा. दोन्ही उत्तरे तारखेसह लिहा, आणि त्यांच्या शेजारी आपण वापरलेले शब्दही जसेच्या तसे लिहा.