काशेळीचा हत्ती वहीत कसा मावतो?

[टेबलावर शिवलेली वही, बाजूला सुतळीचा गुंडा]

काशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या लाल दगडात कोरलेला. मोबाइल काढलात तर सोंड येते, नाहीतर पाय येतो, अख्खा हत्ती काही येत नाही. आता ही वही बघा. उघडली की जोडपान २९.७ बाय २१ सेंटिमीटरचं. एका मीटरला एक सेंटिमीटर धरलं, की हत्ती चारी बाजूंनी जागा सोडून आरामात बसतो.

तर आधी वही शिवू, मग सड्यावर जाऊ.

बाजारची वही का नको? कोकणातली खारी हवा. पिना गंजतात आणि गंज आजूबाजूचा कागद खातो. खळीनं चिकटवलेल्या पाठीला पावसाळ्यात बुरशी धरते, कसर लागते. दोऱ्याच्या वहीत या दोन्ही भानगडी नाहीत.

ए-४ मापाचे ८ कार्ट्रिज (चित्रकलेचे जाड) कागद घ्या, १२० ते १३० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचे. घडी घातली की ३२ पानं. त्याहून जास्त कागद एकात एक घातले तर मधली पानं पुढे सरकून बाहेर डोकावतात. कागद मोठ्या शीटमधून कापून घेणार असाल तर एक परीक्षा करा. शीट न मोडता आधी उभी वाकवा, मग आडवी. ज्या बाजूनं सहज वाकते, त्याच बाजूनं वहीची घडी आली पाहिजे. उलट घातलीत तर घडीवर कागद फुटतो, आणि दमट हवेत पानांना लाटा येतात. कव्हरला ३०० जीएसएमचा कार्ड.

दोरा गोधडीचा. ६५ ते ७० सेंटिमीटर कापा आणि मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. मेणबत्तीही चालते, पण तिचा भुगा पडतो.

[घडीचा क्लोज-अप]

आता भोकं. घडी २१ सेंटिमीटरची. वरून २, ६.२५, १०.५, १४.७५ आणि १९ सेंटिमीटरवर खुणा करा. कव्हर आणि कागद एकत्र, उघड्या वहीसारखे धरा आणि आतून बाहेर दाभणानं टोचा. दाभण तिरकं गेलं की भोक घडीवर न पडता कव्हरच्या अंगावर पडतं, म्हणून खाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी अर्धवट उघडून ठेवा. तिच्या खाचेत घडी नीट बसते. (त्या डिरेक्टरीला उरलेला हा एकच उपयोग.)

वरून भोकांना १ ते ५ आकडे द्या. सुई आतून ३ मधून बाहेर काढा, ८ सेंटिमीटर शेपूट आत राहू द्या. बाहेरून २ मध्ये आत. आतून १ मधून बाहेर. परत बाहेरून २ मध्ये आत. आता आतल्या बाजूनं ३ ओलांडून थेट ४ मधून बाहेर. बाहेरून ५ मध्ये आत, आतून ४ मधून बाहेर, आणि शेवटी ३ मध्ये आत. आत २ पासून ४ पर्यंत एक लांब टाका दिसेल. शेपूट त्याच्या एका बाजूला, सुईचा दोरा दुसऱ्या बाजूला. त्या टाक्यावरून उलटसुलट दोन गाठी मारा.

दोन चुका हमखास होतात. २, ३ आणि ४ या भोकांतून दोरा दोनदा जातो, तेव्हा सुई आधीच्या दोऱ्यातच घुसते. मग कितीही ओढा, दोरा सरकत नाही. दुसऱ्यांदा घालताना आधीचा दोरा बाजूला दाबून धरा. दुसरी चूक ओढण्याची. घडीच्या दिशेनं ओढा, स्वतःकडे ओढलंत तर कागद फाटतो.

[सड्याचं दृश्य]

या हत्तीसारखी कातळावर कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं. कोकणातल्या नऊ ठिकाणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्शी, जांभरुण, काशेळी, रुंढ्ये तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. पहिल्यांदा जाणाऱ्यानं थेट काशेळी गाठू नये. उक्शीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे आणि तिथला हत्ती काशेळीच्या मानानं लहान, आधी तो वहीत काढून हात बसवा.

दिवाळीनंतर गवत वाळलं की जा. पावसात खाचांत पाणी असतं, त्यानंतर गवत. आणि दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावली पडत नाही आणि समोरची रेषा दिसेनाशी होते. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर तिरप्या उन्हात तीच रेषा काळी होऊन उठते. काही जण फोटोसाठी खाचांत खडू भरतात, तेल ओततात. कृपा करून नको. चपला काढा, आणि रेषेवर पाय नको.

मापाला २० मीटर सुतळी. इथे एक गंमत आहे. सुतळीला मीटरमीटरवर गाठ मारली तर प्रत्येक गाठ दोन-तीन सेंटिमीटर खाते. १८ गाठींत अर्धा मीटर गेला, म्हणजे तुमचा हत्ती सुरू होण्याआधीच वाकडा. म्हणून गाठ नको, लाल दोरा गुंडाळून खूण करा. आणि सुतळी ओली झाली की आखडते. आदल्या दिवशी भिजवून, ताणून वाळवा, मगच खुणा करा. मग पहाटेचं दव फारसं त्रास देत नाही.

सुतळी हत्तीच्या बाजूनं, त्याच्या लांबीला धरून, सरळ ताणा. प्रत्येक खुणेपाशी टेप काटकोनात धरून रेषा किती आत आहे ते मोजा. काटकोन चुकला की पाय पोटात जातो. खात्री हवी तर ३-४-५ चा त्रिकोण: सुतळीवर ३ मीटर, आडवे ४, तिरपं अंतर बरोबर ५ आलं पाहिजे. वहीत प्रत्येक मापाला एक ठिपका, टू-बी पेन्सिलनं. जेलपेन घामानं पसरतं. ठिपके जोडायची घाई नको, एक बाजू पूर्ण होऊ दे.

आणि मग पोटाशी याल. काशेळीच्या हत्तीच्या आत लहान-मोठे इतर प्राणी कोरलेत, त्यात जलचरही आहेत. उभं राहून बघणाऱ्याला ते खडबडीत कातळच वाटतात. टेप घेऊन गुडघ्यावर बसलात आणि नजर हातभर तुकड्यावर थांबली, की एका खाचेला शेपूट फुटते. आता समुद्रातला जीव हत्तीच्या पोटात कशाला, हे ज्यानं कोरलं त्यालाच ठाऊक.

[बशीत लाल रंग]

रंग हवा तर जांभ्याचाच. पण शिल्पाजवळून चिमूटभरही उचलू नका, चिरेखाणीच्या रस्त्यावर भरपूर पडलेला असतो. मूठभर भुगा मलमलीतून गाळा, तांब्याभर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा. रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला जो लोण्यासारखा थर बसतो, तोच रंग. तो लाल असतो लोहामुळे. लाखो पावसाळ्यांत बाकीचं बरंचसं वाहून गेलं, लोखंडाची ऑक्साइडं मागे राहिली.

थर वाळवून एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी अशा पाकात घोटा, वर मधाचा एक थेंब. लाडवाचा डिंक घ्याल तर आधी पाण्यात टाकून बघा. पूर्ण विरघळला तर ठीक, नुसता फुगून बसला तर तो लाडवातच राहू दे. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. लवंगतेलाचा एक थेंब विसरलात, तर आठवड्यात वर पांढरी बुरशी. शिंपल्यात ओता, सावलीत वाळवा.

लावताना ब्रश जवळजवळ कोरडा. १२० जीएसएमचा कागद फार पाणी सोसत नाही, आणि मागच्या पानावर तुमची मापं आहेत.