पॅरामाउंट रँच : कधी चीन, कधी कोलोराडो

(दृश्य : ड्रोनमधून. ओकच्या झाडांमधून वळत जाणारा ओढा, वाळलेलं पिवळं गवत, मागे टोकदार डोंगर.)

1937 साली ही जागा वसाहतकाळातलं मॅसॅच्युसेट्स होती. त्याच वर्षी ती दक्षिण समुद्रातलं एक बेट झाली आणि जुनं सॅन फ्रान्सिस्कोही झाली. 1938 मध्ये ती पडद्यावर आली ती चीन म्हणून, आणि त्या चीनमध्ये मार्को पोलोच्या वेषात हॉलिवूडचा नट गॅरी कूपर हिंडत होता.

नकाशावर शोधायला गेलात, तर ही जमीन सापडते कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या वायव्येला, सांता मोनिका डोंगररांगेत. जवळचं गाव अगूरा. या डोंगरांत मुळात वस्ती होती चुमाश या आदिवासींची. मेक्सिकोच्या राजवटीत इथे ‘रँचो लास विर्हेनेस’ नावाची जहागीर झाली आणि गुरं चरू लागली. सिनेमाची गाडी यायला अजून बराच अवकाश होता.

ती आली 1927 मध्ये. पॅरामाउंट पिक्चर्स या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्या जुन्या जहागिरीतली 2,700 एकर जमीन विकत घेतली.

एवढ्या जमिनीचं स्टुडिओला काय करायचं होतं? हिशेब साधा होता. काउबॉयची घोडदौड दाखवायची तर मैलभर मोकळं रान हवं, आणि त्यात विजेचा एकही खांब दिसता कामा नये. त्यासाठी युनिट ॲरिझोनाला न्यायचं म्हणजे दीडदोनशे माणसांचं भाडं, मुक्काम, जेवण, शिवाय पाऊस आलाच तर बसून खाणारी तोंडं. रँच हाताशी असली की माणसं सकाळी निघाली, रात्री आपापल्या घरी. उभारलेला सेटही तिथेच राहतो आणि पुढच्या सिनेमाला रंग बदलून वापरता येतो. ही युक्ती काही एकट्या पॅरामाउंटची नव्हती. चॅट्सवर्थला आयव्हर्सन रँच होती, सिमी व्हॅलीत कोरिगनव्हिल होतं. आयव्हर्सनच्या खडकांमधून आज हायवे जातो.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. कॅमेरा ट्रॉली, तंबू, रांगेत उभे घोडे.)

सेसिल बी. डमिल, क्लॉडेट कोल्बर्ट, बॉब होप... त्या काळातली मोठी नावं इथे धूळ खाऊन गेली. पण खरं काम केलं ते जमिनीने. एका बाजूला ओढा आणि ओकची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला उघडा माळ. कॅमेरा वळवला की देश बदलायचा.

चाळीसच्या दशकात स्टुडिओंच्या कारभाराची घडी बदलू लागली आणि पॅरामाउंटने ही जमीन विकून टाकली. गोष्ट इथेच संपायची. पण 1953 मध्ये विल्यम हर्ट्झ नावाच्या माणसाने आग्नेयेकडचा तुकडा घेतला. हा गडी वेस्टर्न सिनेमांचा, म्हणजे काउबॉयपटांचा, निस्सीम चाहता. जागेवर पॅरामाउंटच्या जुन्या शेड उभ्या होत्या, सिनेमाचं सामान ठेवायच्या. हर्ट्झने त्यांनाच फळ्यांचे दर्शनी भाग चढवले आणि रस्त्याच्या दुतर्फा एक गाव उभं केलं. ज्या गोदामात नकली बंदुका ठेवल्या जायच्या, त्याचंच आता नकली गाव झालं!

(दृश्य : वेस्टर्न टाउनची जुनी चित्रफीत. समोरून, मग मागून.)

समोरून पाहिलं तर हॉटेल, न्हाव्याचं दुकान, सलून (केस कापायचं नव्हे, दारूचा गुत्ता). मागे जाऊन पाहावं तर उंच फळ्यांना तिरके टेकू आणि त्यांच्या आड एक बुटकी शेड. याला लबाडी म्हणावं, तर अमेरिकेच्या पश्चिमेला नव्याने वसलेल्या खऱ्या गावांतले दुकानदारही हेच करत. एकमजली खोपटापुढे उंच फळी उभी करायची, की गिऱ्हाइकाला दुमजली इमारत वाटते. म्हणजे नक्कल होती, पण अस्सल थापेची.

टीव्हीला असं आयतं गाव हवंच होतं. ‘द सिस्को किड’सारख्या मालिका इथे चित्रित होऊ लागल्या. हर्ट्झ मात्र टिकला नाही. 1955 मध्ये त्याने जागा विकली, आणि नव्या मालकीत तिथे चक्क मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक झाला. वळणांनी भरलेला, एके ठिकाणी पुलावरून स्वतःलाच ओलांडून जाणारा. 18 महिन्यांत तीन जीवघेणे अपघात झाले आणि ट्रॅक बंद पडला. तेवढ्या अवधीतही 1957 चा ‘द डेव्हिल्स हेअरपिन’ हा सिनेमा त्यावर चित्रित झालाच. वितरण कोणाचं? पॅरामाउंटचं. विकलेल्या जमिनीवर पुन्हा पाहुणे म्हणून.

पुढे मालक बदलत गेले. साठच्या दशकात इथे रेनेसान्स जत्रा, म्हणजे जुन्या युरोपातले वेष घालून भरणारी जत्रा, भरू लागली आणि काउबॉयच्या शेजारी एलिझाबेथकालीन इंग्लंड येऊन बसलं.

1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने यातला काही भाग घेतला. डोंगर, ओढे, जंगल राखणं हे ज्यांचं काम, त्यांच्या अंगावर एक लाकडी सलूनही पडलं. त्यांनी ते नेटाने सांभाळलं. 1992 ते 1997 इथे ‘डॉ. क्विन, मेडिसिन वूमन’ या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चाललं आणि गाव 1860 च्या दशकातलं कोलोराडो स्प्रिंग्ज झालं. नंतर ‘वेस्टवर्ल्ड’ मालिका आली, तिने एक पांढरं चर्च बांधलं.

(दृश्य : धुराने भरलेलं आकाश. बातम्यांमधली दृश्यं.)

8 नोव्हेंबर 2018. ईशान्येकडून सांता ॲना नावाचे कोरडे, जोरदार वारे सुटलेले. वूल्झी कॅन्यनजवळ वणवा पेटला आणि हायवे ओलांडून समुद्रापर्यंत गेला. 96,949 एकर जळाले, तीन माणसं गेली, दीड हजारावर इमारती पडल्या. 9 तारखेला आग वेस्टर्न टाउनमध्ये शिरली. वाळकी, रंगवलेली लाकडं, वेळ लागला नाही. वाचलं ते ‘वेस्टवर्ल्ड’चं चर्च आणि रेल्वे स्टेशन. म्हणजे ज्या स्टेशनात कधी प्रवासी आले नाहीत, ते.

दोन वर्षांत गाव पुन्हा उभारू, असं उद्यानाने जाहीर केलं. दोन वर्षं गेली, गाव उभं राहिलं नाही. पैसे, परवाने ही कारणं असतातच. पण त्याहून अवघड प्रश्न हा, की उभारायचं नेमकं काय? हर्ट्झचं 1953 चं गाव, की ज्याच्या आठवणीने लोक इथे येत ते डॉ. क्विनचं? जुना वाडा पडला तर मूळ नकाशा काढता येतो. इथे दर मालिकेने पाट्या बदलल्या, खिडक्या हलवल्या.

आमचं मत विचाराल तर कुठलंही साल धरा, फक्त मागची बाजू झाकू नका. लोकांना ते टेकू दिसू द्या. चित्रपटसृष्टीने या जमिनीवर काय केलं, हे समोरच्या फळ्यांपेक्षा तेच जास्त नीट सांगतात.