दुसऱ्यांदा सुई कशाला?

मंडळी, सुरुवात एका चुकीपासून करतो. बरीच वर्षं झाली. रात्री अकराच्या सुमाराला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. तासाभरापासून छाती भरून आलेली. घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजलेला. ईसीजीत खास काही दिसेना. रक्तातलं ट्रोपोनिन पाहिलं, नॉर्मल. आम्ही त्यांना घरी सोडलं. पहाटे चारला ते परत आले, स्ट्रेचरवरून. वाचले, म्हणून आज तुमच्यासमोर हे बोलायचं धाडस करतोय. तपासणी चुकली नव्हती. आम्हीच तिला फार लवकर विचारलं होतं.

हे ट्रोपोनिन म्हणजे काय? स्नायूच्या तंतूंवर बसलेली एक खिट्टी समजा. कॅल्शियम आलं की खिट्टी सरकते, तंतू एकमेकांवर घसरतात आणि स्नायू आवळतो. कॅल्शियम ओसरलं की खिट्टी पुन्हा जागेवर. हृदय दिवसाला सुमारे लाखभर वेळा हे करतं. १९६०च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशींनी हे प्रथिन शोधलं, तेव्हा त्यांना हृदयविकार पकडायचा नव्हता. स्नायू आकुंचन कसा पावतो एवढंच त्यांचं कुतूहल होतं. तिथून १९८९ साली जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी रक्तात मोजून दाखवलं. त्याआधी आम्ही रक्तातली एसजीओटी, एलडीएच, सीपीके-एमबी ही एन्झाइम्स बघत बसायचो. एसजीओटी तर यकृत बिघडलं तरी वाढतं! ट्रोपोनिनचे टी आणि आय हे दोन भाग मात्र हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून हातापायाच्या स्नायूंपासून ते निराळे ओळखता येतात.

आता वेळेचं. पेशी मेली की तिच्यातलं सुटं असलेलं थोडं ट्रोपोनिन आधी बाहेर पडतं. बाकीचं तंतूंना घट्ट धरून असतं, ते तुटत तुटत दिवसेंदिवस येत राहतं. जुन्या चाचणीत ते दिसायला ३ ते ६ तास लागत. एकदा चढलं की आठवडाभर, कधी दोन आठवडेसुद्धा उतरत नाही. आजच्या अतिसंवेदनशील चाचण्या लवकर पकडतात. म्हणून चांगल्या सोयीच्या ठिकाणी १ ते ३ तासांनी दुसरं रक्त घेतात. नातेवाईक आमच्यावर चिडतात, ‘एकदा घेतलं ना, बिल वाढवायला पुन्हा कशाला?’ राग समजतो, पण खरी माहिती त्या दुसऱ्या सुईतच असते.

समजा, डायलिसिसवरच्या एका बाईंचा आकडा ६० आला आणि ३ तासांनी ६२. दुसऱ्या एकाचा १० आला, मग ५८. मला धास्ती दुसऱ्याची, कारण त्याचा आकडा झपाट्याने चढतोय. मूत्रपिंड बिघडलेल्यांत आकडा कायमच चढा असू शकतो. रक्तातला जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी, हृदयस्नायूची सूज, फार काय, मॅरेथॉन धावून आलेला धडधाकट माणूस, यांच्यातही तो वाढतो. स्नायूला इजा झाली एवढंच ट्रोपोनिन सांगतं. ती कशाने झाली, ते नाही. ते शोधायला ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मुख्य म्हणजे रुग्णाशी बोलणं लागतं.

एककाचा घोळही पाहून ठेवा. जुन्या रिपोर्टवर ०.०२ आणि नव्यावर २० बघून लोक हबकतात. पहिला आकडा एका मिलिलिटरमागे किती नॅनोग्रॅम ते सांगतो, दुसरा एका लिटरमागे, दोन्ही एकच.

आणि ईसीजीत मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. रक्तवाहिनी आधी उघडायची.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये हे घालून घ्यावं का? छातीत काही होत नसताना मी तरी सांगत नाही. त्या पैशांत रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. उगाच आलेला १५चा आकडा घेऊन तुम्ही रात्री दोनला मला फोन कराल, आणि मलाही उत्तर द्यायला दुसरं रक्तच लागेल.