सुपर टॉप-अप घेताना डिडक्टिबल कसं मोजतात ते आधी विचारा

नमस्कार मंडळी. ज्येष्ठ नागरिक संघाने मला आरोग्य विम्यावर बोला म्हणून सांगितलं, पण तेवढा सगळा विषय एका तासात होणार नाही, म्हणून मी आज फक्त वरच्या विम्याबद्दल बोलणार आहे, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. इथे बसलेल्या बऱ्याच जणांकडे 3 लाख, 5 लाखाची जुनी पॉलिसी असणार, घेतली तेव्हा ती भरपूर वाटायची, आणि आता सत्तरीत ती वाढवायला गेलं की प्रीमियमचा आकडा ऐकून गप्प बसावं लागतं. मग एजंट सांगतो, काका वरून टॉप-अप घ्या, स्वस्त पडेल. ते स्वस्त पडतं हे खरं आहे, पण का पडतं ते बघा.

या पॉलिसीत ठराविक रकमेपर्यंतचा खर्च कंपनी देतच नाही, त्याच्या वरचा देते. ही रक्कम म्हणजे डिडक्टिबल. तो खालचा खर्च तुम्ही जुन्या पॉलिसीतून करा, मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून करा नाहीतर खिशातून करा, वरच्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

आता आकडे लिहून घ्या. मूळ पॉलिसी 3 लाखाची, वरची 10 लाखाची, डिडक्टिबल 3 लाख. जूनमध्ये अँजिओप्लास्टी झाली, बिल अडीच लाख, मूळ पॉलिसीने दिलं. त्याच पॉलिसी वर्षात नोव्हेंबरमध्ये बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, बिल पावणेतीन लाख. मूळ पॉलिसीत उरलेत 50 हजार, ते मिळाले, राहिले सव्वादोन लाख. साधा टॉप-अप असेल तर तो प्रत्येक अ‍ॅडमिशन वेगळी मोजतो, आणि दोन्ही बिलं 3 लाखाच्या आतली, म्हणजे त्याच्याकडून शून्य, 10 लाखाचं कव्हर असूनही. सुपर टॉप-अप वर्षभराचा खर्च एकत्र धरतो, सव्वापाच लाखातून 3 लाख वजा, सव्वादोन लाख तो देतो. आपल्या वयात एकच प्रचंड मोठं आजारपण येण्यापेक्षा वर्षात दोन-तीनदा अ‍ॅडमिट व्हायची वेळ जास्त येते हो, म्हणून मी ज्येष्ठांना साधा टॉप-अप घ्या असं कधीच सांगत नाही. पॉलिसीच्या नावावर जाऊ नका, आत डिडक्टिबल दर क्लेमला आहे की वर्षाला मिळून आहे ते वाचा. आणि ग्लोव्हज, मास्क असले जे खर्च पॉलिसीत बसत नाहीत ते सहसा डिडक्टिबलमध्येही धरत नाहीत, तेव्हा बिल 3 लाख झालं म्हणजे वरची पॉलिसी लगेच सुरू झाली असं नाही.

दुसरी गोष्ट वेटिंग पिरियडची, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात ठराविक आजारांचा क्लेम मिळत नाही त्या काळाची, आणि इथे माणसं फार फसतात. मूळ पॉलिसी वीस वर्षं जुनी असली तरी वरची नवीनच असते, तिचं वेटिंग पहिल्यापासून सुरू. आधीपासूनच्या आजारांसाठी हे जास्तीत जास्त 3 वर्षं ठेवता येतं, 2024 च्या आधी 4 होतं. म्हणून शुगर, बीपी, जुना स्टेंट सगळं फॉर्मवर लिहा, एजंट "राहू द्या, प्रीमियम वाढेल" म्हणाला तरी लिहा. लपवलेलं निघालं तर ऐन हॉस्पिटलात क्लेम नाकारला जातो आणि ते बघवत नाही. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की मग माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

पासष्टीनंतर पॉलिसी मिळतच नाही असं अजून कोणी सांगत असेल तर 2024 पासून नियमात तसा अडसर राहिलेला नाही, तपासण्या मात्र मागतील, काही वेळा नाहीही म्हणतील. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय, आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाशी, बोलावं लागतं.

ज्यांची सत्तरी झालीय त्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी योजनेतलं मोफत उपचारांचं कार्ड, काढलंच पाहिजे. उत्पन्नाची अट नाही, खाजगी विमा असला तरी चालतं, जुन्या आजारांना वेटिंग नाही. वर्षाला 5 लाख, पण ते कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून, म्हणजे काका-काकू दोघांत 5, प्रत्येकी 5 नव्हे. आणि योजनेतल्या हॉस्पिटलातच चालतं, तेव्हा तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच मुलांना बघायला सांगा.

आता क्लेमचं. दोन वेगळ्या कंपन्या असतील तर अ‍ॅडमिट झाल्या झाल्या दोघींनाही कळवा, बिल डिडक्टिबलच्या वर जाईल असं वाटत नसलं तरीही, कारण उशिरा कळवलं म्हणून वाद होतात. पहिल्या कंपनीकडून किती पैसे दिले त्याचं सेटलमेंट लेटर घ्या, बिलांच्या आणि डिस्चार्ज समरीच्या शिक्का मारलेल्या कॉपी हॉस्पिटलातून निघतानाच मागा, वर्षातल्या पहिल्या अ‍ॅडमिशनचेही कागद जपून ठेवा, सुपर टॉप-अपला बेरीज दाखवायला तेच लागतात. क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, पुण्यात आणि मुंबईत ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. पॉलिसी बरोबर आणली असेल त्यांनी पुढे या, डिडक्टिबलचं पान आपण आत्ताच उघडून बघू.