सव्वाचार वाजता

(मार्घेरिटा, आसाम. चहाचा मळा, नोव्हेंबरअखेर.)

दुपारचे सव्वाचार. पाठीवरच्या टोपल्या उतरतायत, पानांचं वजन चाललंय. काटा स्थिर होईपर्यंत सूर्य झाडांमागे गेलासुद्धा.

(लखपत, कच्छ. किल्ल्याचा तट.)

तीच तारीख, तेच सव्वाचार. तटावरचा दगड अजून हाताला चटका देतोय. मावळतीला जवळजवळ दोन तास बाकी.

दोन्ही गावांत सत्तावीस रेखांशांचं अंतर. एका रेखांशाला चार मिनिटं धरून हिशेब तुम्हीच करा. घड्याळ मात्र एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेलं.

ही भारतीय प्रमाण वेळ १९०६ च्या जानेवारीत लागू झाली, तेव्हा आपली मुंबईच चिडली होती. मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगार रस्त्यावर आले, आणि जुनी वेळ शहरात पुढे कित्येक वर्षं या ना त्या रूपात टिकून राहिली.

आसामच्या मळेवाल्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी सरळ काटे एक तास पुढे सरकवले. हाच तो 'बागान टाइम', मळ्याची वेळ. नीट बघा, वजनाच्या शेडमधलं भिंतीवरचं घड्याळ सव्वापाच दाखवतंय, मुकादमाच्या हातातला मोबाइल सव्वाचार. इथे 'किती वाजले?' एवढं विचारून भागत नाही, कोणत्या घड्याळात तेही विचारावं लागतं.

(लखपत. तटबंदी, मग आतली ओसाड गल्ली.)

लखपतला अशी घाई कुणालाच नाही. हा सात किलोमीटरचा तट कच्छच्या जमादार फतेह मुहम्मद या सेनानीने १८०१ मध्ये बांधून घेतला. तेव्हा सिंधूची एक शाखा इथे यायची, गलबतं लागायची, भात पिकायचा. १६ जून १८१९ ला भूकंप झाला. उत्तरेला जमीन उचलली गेली, तिला लोक अल्लाहबंद म्हणतात. पाणी तुटलं, बंदर गेलं. आता काहीशे माणसं उरलीत. गुरुद्वारात गुरू नानकांच्या म्हणून जपलेल्या खडावा आहेत. सीमा सुरक्षा दलाची चौकी आली की आमचा कॅमेरा बंद.

२०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची वेळ मांडली. दोन वेळांची सीमारेषा कुठून जावी, तर बंगाल-आसाम सीमेवर अलीपूरद्वारजवळून, इथवर विचार केलेला. देशाची वेळ आजही एकच आहे. पाचच्या आत दिवे लावून बसलेली ईशान्येतली कार्यालयं, वाढलेली वीजबिलं, हे ओघानं आलंच.

(लखपत. तटावरून रणाकडे.)

सहा वाजून आठ मिनिटं. सूर्य आत्ता कुठे रणाला टेकतोय.

(मार्घेरिटा. मजुरांची वस्ती, अंधार.)

चुली विझल्यात. शेडमधलं घड्याळ, सात वाजून आठ मिनिटं.