एसएनडीटीच्या फॅशन शिक्षणामागचं ठाकरसी घराणं

मुंबईत जुहू तारा रोडवर एसएनडीटी महिला विद्यापीठाचा कॅम्पस आहे. फॅशन डिझाईन शिकायला मुली इथं पीव्हीपीत येतात, पीव्हीपी म्हणजे प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक, आणि होम सायन्सचं एसव्हीटी कॉलेजही इथलंच, तिथं टेक्स्टाईल आणि कपड्यांचं डिझाईन शिकवतात. पॉलिटेक्निकला प्रेमलीलाबाईंचं नाव, होम सायन्स कॉलेजला त्यांच्या नवऱ्याचं, सर विठ्ठलदासांचं, आणि ही दोन्ही ज्या विद्यापीठात येतात त्याला त्यांच्या सासूबाईंचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. एकाच घरातली तीन माणसं.

हे घर कापडाचं. ठाकरसी म्हणजे मुंबईतले भाटिया गिरणीमालक, हिंदुस्तान मिल, क्राउन मिल ही त्यांचीच. विठ्ठलदास १८७३ चे, धंद्यात तर मुरलेले होतेच पण नजर धंद्यापलीकडे जाणारी, १९११ मध्ये लल्लूभाई सामळदासांच्या सोबतीनं त्यांनी सहकारी बँक उभी केली, आज जिला आपण राज्य सहकारी बँक म्हणतो ती.

तिकडे पुण्यात धोंडो केशव कर्वे, आपले अण्णासाहेब, १९१६ मध्ये बायकांसाठी वेगळं विद्यापीठ काढून बसले होते. सुरुवातीला विद्यार्थिनी किती, तर पाच! जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, त्यावरून हे डोक्यात आलं, आणि शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय म्हणून, हा त्यांचा आग्रह. पैशाची मात्र कायम ओढाताण, अण्णासाहेब गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायचे.

आणि मग योग असा की विठ्ठलदास आणि प्रेमलीलाबाई परदेश दौऱ्यावर निघाले, सोबत प्रसिद्ध अभियंते विश्वेश्वरय्या होते, आणि जपानमध्ये त्यांनी तेच विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलं. अण्णासाहेबांनी जे कागदावर वाचलं होतं ते यांनी डोळ्यांनी बघितलं. परत आल्यावर, १९२० मध्ये, १५ लाख रुपये दिले. त्या काळचे १५ लाख. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या आईचं नाव लागलं.

गोष्ट इथंच संपली असती तर ती एका मोठ्या देणगीची गोष्ट झाली असती. पण १९२२ मध्ये विठ्ठलदास गेले, वय जेमतेम ४८, आणि प्रेमलीलाबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. एका श्रीमंत घरातली तरुण विधवा, तिनं घरात बसून राहावं असंच तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं असतं. त्या बसल्या नाहीत. पुण्यात येरवड्याला त्यांचा पर्णकुटी बंगला, १९३३ मध्ये गांधीजींनी २१ दिवसांचा उपास तिथं केला, त्यानंतर थोड्याच दिवसांत देवदास गांधींचं लग्नही तिथंच लागलं. म्हणजे घर गिरणीवाल्यांचं आणि पाहुणे खादीवाले, आणि दोन्ही त्या बाईनं मनापासून सांभाळलं.

विद्यापीठ तर त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही. १९३६ मध्ये मुख्यालय पुण्याहून मुंबईला आलं, १९५१ मध्ये कायद्यानं विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला आणि पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीलाबाईच. मला स्वतःला त्या १५ लाखांपेक्षा हे जास्त मोठं वाटतं, कारण पैसा एकदा देऊन होतो, पण इतकी वर्षं मीटिंगा, इमारती, नवे कोर्स, सरकारदरबारी खेटे, हे करत राहायला माणूस लागतं.

१९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७६ मध्ये त्यांच्या नावाचं पॉलिटेक्निक सुरू झालं आणि १९७७ मध्ये त्या गेल्या.

आता १९७६ ही तारीख जरा नीट बघा. दिल्लीत निफ्ट, म्हणजे फॅशन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, सुरू झालं १९८६ मध्ये, म्हणजे पुरी दहा वर्षं नंतर. शिवण म्हणजे मुलीला घरी उपयोगी पडेल अशी कला, असं मानणाऱ्या घरांतून मुली या पॉलिटेक्निकमध्ये यायला लागल्या, आणि शिवणक्लास वेगळा आणि हे वेगळं हे त्यांना पहिल्या काही दिवसांतच कळत असणार. कापडाचा उभा धागा कुठला, आडवा कुठला, तिरकं कापलं की तेच कापड अंगावर कसं वेगळं पडतं. आधी कागदावर मापाचा बेसिक ब्लॉक, म्हणजे मूळ साचा, काढायचा, मग त्यातला डार्ट, म्हणजे फिटिंगसाठी घातलेली टोकदार चुणी, खांद्यावरून काखेकडे, काखेतून कमरेकडे फिरवायचा, फिटिंग तेच राहतं पण ड्रेसचं रूप बदलतं, हे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जमतं तेव्हाचा आनंद ज्यानं शिकलंय त्यालाच माहीत. मग डमीवर, म्हणजे शरीराच्या आकाराच्या पुतळ्यावर, मलमलचं कापड पिनांनी लावून ड्रेपिंग, शिवण उसवून परत घालणं, आणि जोडीला कापडाचं शास्त्र, पोशाखांचा इतिहास, भरतकाम. चिकाटीचं काम आहे हे.

त्याच सुमारास मुंबईचं कापडही बदलत होतं. रेडिमेड कपड्यांची निर्यात वाढत होती, त्यांना पॅटर्न काढणारे, डिझाईन करणारे हात हवे होते, आणि दुसरीकडे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव कधी पूर्वीसारखं झालंच नाही. हजारो घरं त्यात होरपळली, तो विषय एवढ्यात आटपण्यासारखा नाही, पण ठाकरसींचा पैसा ज्या धंद्यातून आला तो धंदा मुंबईतून ओसरत असताना त्यांच्या नावाच्या वर्गांत मुली कापडातच करिअर करायला शिकत होत्या, हे नोंदवायलाच हवं.

फॅशन डिझायनर अनिता डोंगरे एसएनडीटीच्या. २०१६ मध्ये केट मिडल्टन मुंबईत ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळल्या तेव्हा अंगात ड्रेस यांचाच होता. नीता लुल्लाही एसएनडीटीच्याच, लम्हे, देवदास, जोधा अकबर या सगळ्यांसाठी त्यांना वेशभूषेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आणि मराठी माणसाला खास अभिमान वाटावा असं एक त्यात आणखी आहे: बालगंधर्व हा मराठी चित्रपट. त्यातल्या पोशाखांसाठीचं राष्ट्रीय पारितोषिकही त्यांचंच.