मान्यतेविना पस्तीस वर्षे : महिला विद्यापीठाची वाटचाल

श्रोतेहो, खाजगी विद्यापीठ म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर महामार्गालगतची काचेची इमारत आणि न परवडणारे शुल्क उभे राहते. मी आज ज्या खाजगी विद्यापीठाविषयी बोलणार आहे, ते म्हणजे आजचे एसएनडीटी महिला विद्यापीठ. ते 1916 साली पुण्याजवळ हिंगण्याला पाच विद्यार्थिनींवर सुरू झाले आणि त्याच्या पदवीला सरकारदरबारी काडीचीही किंमत नव्हती.

1915 च्या अखेरीस मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद धोंडो केशव कर्वे, म्हणजे सर्वांचे अण्णा, यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना, पूर्वी टपालाने आलेली आणि बाजूला पडलेली टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांनी पुन्हा वाचली आणि अध्यक्षपदावरून तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. एवढ्यावरून विद्यापीठ पुस्तिकेतून जन्मले असे मानणे मात्र बरोबर नाही. अण्णांच्या पाठीशी तोवर 1896 पासूनचा अनाथ बालिकाश्रम होता, 1907 चे महिला विद्यालय होते आणि, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो, तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या सेवकांचा निष्काम कर्ममठ होता. शिकवणारी माणसे आधी जमली होती. विद्यापीठ मागाहून आले. म्हणूनच सरकारने मान्यता दिली तर उत्तम, पण तिच्यासाठी खोळंबून राहायचे नाही, अशी भूमिका त्यांना घेता आली.

भारतवर्षीय महिला विद्यापीठाचे पहिले कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, तर पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठरले आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला. गांधीजींना यातली पहिली गोष्ट पसंत होती, दुसरी नव्हती. अण्णांनी मात्र आपला आग्रह सोडला नाही. आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र, मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले आणि गणित ऐच्छिक झाले. संस्थापक फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे गणित शिकवलेले, कुलगुरू केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, म्हणजे सीनियर रँग्लर, आणि त्यांच्याच विद्यापीठात गणित वगळण्याची मुभा! बाईने घर सांभाळायचे हे गृहीत धरूनच ही आखणी झाली होती, यात शंका नाही. तरीही लग्न, बाळंतपण आणि सासर यांतून वेळ काढून शिकणाऱ्या स्त्रीला मुंबई विद्यापीठाची चौकट झेपत नाही, हे त्यांचे निरीक्षण खोटे म्हणता येत नाही. आज याच विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात मुली अभियांत्रिकी शिकतात. तिथे गणिताला पर्याय नाही.

पदव्यांची नावेही स्वतंत्र होती. पदवीधर स्त्री 'गृहीतागमा', त्यापुढची 'प्रदेयागमा'. नावे भारदस्त होती. पण नोकरीच्या अर्जात त्यांचा उपयोग काय, हा पालकांचा रोकडा प्रश्न होता. मान्यता नसल्याने अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि त्याच कारणाने विद्यार्थिनींची संख्याही फार सावकाश वाढली. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

पैशाची बाजू पहिली चार वर्षे वर्गणीवर आणि अण्णांच्या पायपिटीवर चालली. 1920 साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. जपानमधील ते महिला विद्यापीठ त्यांनी प्रवासात स्वतः पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले आणि आपण आज ज्याला एसएनडीटी म्हणतो ते तेव्हापासून. एवढी मोठी देणगी विनाअट येत नाही. विद्यापीठाचे ठाणे मुंबईला हलवणे हा त्या व्यवहाराचा भाग होता, आणि 1936 मध्ये ते हललेही. पुणेकरांना ते रुचले नसेल. पण माझ्या मते ते योग्यच झाले, कारण मराठीबरोबर गुजराती माध्यमाचाही विस्तार झाल्यावर या संस्थेला केवळ पुण्याची म्हणून राहणे शक्य नव्हते.

देणगीनंतरही अण्णा स्वस्थ बसले नाहीत. 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका व जपानच्या दौऱ्यावर निघाले आणि परतल्यावर काही महिन्यांतच आफ्रिकेला गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार येथील भारतीय वस्त्यांमध्ये व्याख्याने द्यायची, संस्थेची माहिती सांगायची आणि निधी गोळा करायचा, हा त्यांचा क्रम होता.

कायदेशीर मान्यता स्वातंत्र्यानंतरच मिळाली. मुंबई सरकारने 1949 मध्ये कायदा केला आणि 1951 पासून ते वैधानिक विद्यापीठ झाले. सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी नव्या रचनेतील पहिल्या कुलगुरू झाल्या. म्हणजे महिलांच्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी महिला बसायलाही पस्तीस वर्षे लागली, ही गोष्ट गौरवग्रंथांतून सहसा सांगितली जात नाही. मान्यतेनंतर पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत आली, परिचर्येसारख्या नव्या शाखा निघाल्या, चर्चगेट, जुहू आणि पुणे अशी तीन आवारे उभी राहिली. 'गृहीतागमा' ही पदवी मात्र व्यवहारातून गेली, आणि तिच्याऐवजी मुलींच्या हाती इतर विद्यापीठांसारखीच बी.ए.ची पदवी येऊ लागली.